व्हर्सायचा राजवाडा एका दिवसात: फ्रान्समध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पॅरिसमध्ये शिकायला आलेली आपली मुलं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच व्हर्साय गाठतात, आणि बऱ्याच जणांचा दिवस तिथे पोचायच्या आधीच बिघडलेला असतो. कुणी सोमवारी जातं, कुणी फुकट प्रवेश असताना पूर्ण तिकीट काढतं, कुणी भलत्याच गाडीत बसतं, तर कुणी सकाळीच बाग फिरून दमतं आणि महालात शिरेपर्यंत पायांत जीव उरत नाही. अडचण जवळजवळ नेहमी क्रमाची असते. आधी दिवस, मग कागद, मग वेळेचा स्लॉट, मग गाडी, आणि आत गेल्यावर आधी महाल व दुपारी बारानंतर त्रियानों, म्हणजे बागेपलीकडचे दोन छोटे महाल आणि राणीचं खेडं. हा क्रम सांभाळला की एका दिवसात सगळं आरामात होतं.

## १. दिवस निवडा

महाल आणि त्रियानों हे दोन्ही सोमवारी बंद असतात. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरलाही महाल बंद असतो. सोमवारी बाग उघडी असते, त्यामुळे नकाशावर ‘उघडं आहे’ असं दिसतं आणि माणूस फसतो.

मंगळवार टाळा. सोमवारी व्हर्साय बंद आणि मंगळवारी पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद, म्हणून दोन्हीकडची गर्दी मंगळवारी व्हर्सायला येऊन पडते. शनिवार-रविवारची गर्दी वेगळी सांगायला नको. लेक्चर सांभाळून जमत असेल तर बुधवार किंवा गुरुवार सगळ्यात चांगला.

हंगामाचाही फरक पडतो. एप्रिल ते ऑक्टोबर महाल सकाळी ९ ते संध्याकाळी ६:३० उघडा असतो, नोव्हेंबर ते मार्च ५:३० पर्यंत. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा तास आधी. त्रियानोंचा भाग मात्र वर्षभर दुपारी १२ वाजताच उघडतो, सकाळी नाही. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीवर टेकलेलं आहे.

हिवाळ्यात बागेतली कारंजी बंद असतात आणि थंडीपासून जपण्यासाठी संगमरवरी पुतळे कापडाने झाकलेले असतात. गर्दी कमी हवी असेल तर हिवाळा चांगला. बागेसाठी जात असाल तर मे, जून किंवा सप्टेंबर.

तपासा: ठरवलेली तारीख सोमवार नाही ना? फ्रान्समध्ये त्या आठवड्यात संपाची घोषणा नाही ना? संप असला तर गाड्या आणि कधीकधी महालही अडतो.

## २. आपण कोणत्या तिकिटात बसतो ते ठरवा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

व्हर्सायला ‘विद्यार्थी आहे’ म्हणून महालाचा प्रवेश मोफत होत नाही. बघितलं जातं ते वय आणि निवास. तुमचं वय २६ पूर्ण झालेलं नसेल आणि तुम्ही फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीच्या परवान्यावर राहत असाल, तर महाल आणि त्रियानों दोन्ही मोफत. भारतीय पासपोर्ट असला तरी मोफत. बरेच जण ‘युरोपीय नागरिकांना’ एवढंच वाचून पुढे जातात आणि पूर्ण तिकीट काढतात.

निवासाचा पुरावा म्हणून चालतं ते असं:

- पासपोर्टमधला व्हीएलएस-टीएस, म्हणजे दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा. फ्रान्समध्ये आल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. त्याची पावतीही सोबत ठेवा.
- फ्रेंच निवासपत्र, म्हणजे तित्र द सेजूर.
- नूतनीकरण चालू असेल तर प्रेफेक्त्युरकडून, म्हणजे स्थानिक सरकारी कार्यालयाकडून, मिळालेला मुदतवाढीचा कागद, आणि त्याच्याबरोबर जुना व्हिसा.

विद्यापीठाचं ओळखपत्र एकटं दाखवून भागत नाही. त्यावर जन्मतारीख नसली तर आणखी पंचाईत. मूळ पासपोर्ट न्या. मोबाइलमधला फोटो कधी चालतो, कधी नाही, आणि दारात वाद घालण्यात कुणाचाच फायदा नाही.

आता कोण बसत नाही ते बघू. इंग्लंडमध्ये शिकणारे आणि शेंगेन पर्यटक व्हिसावर चार दिवसांसाठी पॅरिसला आलेले विद्यार्थी यात बसत नाहीत, वय १८ पूर्ण झालेलं असेल तर. २६ पूर्ण झालेले बसत नाहीत. इथे अनेक एमएसवाले अडकतात, कारण नोकरी करून आलेल्यांचं वय दुसऱ्या वर्षाला २६ ओलांडतं. जर्मनी, नेदरलँड्स किंवा इतर युरोपीय देशांत शिकणाऱ्यांनी आपलं निवासपत्र बरोबर घ्यावं आणि सवलतीची अट तिकीट काढतानाच अधिकृत संकेतस्थळावर वाचून घ्यावी. ही अट बदलते.

ज्यांना पैसे भरायचे आहेत त्यांच्यासमोर दोन मुख्य पर्याय येतात. एक फक्त महालाचं तिकीट, आणि दुसरं ‘पासपोर्ट’ नावाचं तिकीट, ज्यात महाल, त्रियानों आणि कारंज्यांच्या दिवशीची बाग येते. हंगामात हे पासपोर्ट तिकीट ३० युरोच्या पुढे जातं. दिवसभर थांबणार असाल तरच ते घ्या. महाल बघून दुपारी परतायचं असेल तर साधं तिकीट पुरे.

पैसे वाचवायचा आणखी एक मार्ग आहे. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी महाल सगळ्यांना मोफत असतो. पुण्याहून आई-बाबा आले असतील तर हा दिवस चांगला, पण त्या रविवारी गर्दी होते, म्हणून स्लॉट लवकर पकडावा लागतो.

सावधान: महाल मोफत म्हणजे बाग मोफत असं नाही. एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान कारंज्यांचे आणि संगीताचे दिवस असतात. त्या दिवशी बागेला वेगळं तिकीट लागतं, तुमचा महालप्रवेश मोफत असला तरीही. बागेच्या तिकिटात विद्यार्थ्यांना सवलत मिळते, तेव्हा इथे मात्र विद्यार्थी ओळखपत्र कामाला येतं. कारंजी चालू असणारे दिवस म्हणजे प्रामुख्याने शनिवार-रविवार आणि हंगामातले काही मंगळवार. बाकीच्या दिवशी नुसतं संगीत असतं.

## ३. स्लॉट घ्या, मोफत असलात तरी

महालात शिरायला वेळेचा स्लॉट लागतो. मोफत प्रवेशवाल्यांनाही लागतो. अधिकृत संकेतस्थळावर तारीख निवडा, वेळ निवडा, मग मोफत प्रवेशाचा पर्याय निवडा. शून्य युरोचं तिकीट ईमेलवर येतं. ते डाउनलोड करून मोबाइलमध्ये ठेवा. राजवाड्याच्या जाड भिंतींत आणि गर्दीत नेटवर्क दगा देतं.

हंगामातल्या शनिवार-रविवारचे सकाळचे स्लॉट आधी संपतात. दोन आठवडे आधी बघितलेलं बरं. आठवड्याच्या मधल्या दिवसाला चार-पाच दिवसही पुरतात, पण उगाच थांबू नका.

कोणती वेळ घ्यावी? सकाळी ९ ची. मिळाली नाही तर ९:३०. दहानंतर पर्यटकांच्या बसगाड्या रिकाम्या होऊ लागतात आणि दुपारी दोनपर्यंत आत नुसतं ढकलत चालावं लागतं. सकाळचं जमणारच नसेल तर उलटा दिवस करा: बारा वाजता थेट त्रियानों, आणि महालाला दुपारी साडेतीन-चारचा स्लॉट. अकरा ते दोनमधला स्लॉट मात्र घेऊ नका. तो सकाळही खातो आणि दुपारही.

चौघांचा गट घ्या. एक २३ वर्षांचा, फ्रेंच विद्यार्थी व्हिसावर. एक २७ ची. एक लंडनहून आलेला मित्र. आणि एक चुलतबहीण नाशिकहून, पर्यटक व्हिसावर. यांतला पहिला मोफत जातो, बाकी तिघे पैसे भरतात. चौघांचे स्लॉट एकाच वेळेचे हवेत, म्हणून एकाच व्यक्तीने एकाच वेळी बसून चारही तिकिटं काढावीत. प्रत्येकाने आपापल्या फोनवरून काढली की एकाला ९ आणि दुसऱ्याला ११:३० मिळतं.

सावधान: ‘रांग चुकवा’ म्हणत दुप्पट भावाने तिकिटं विकणारी संकेतस्थळं शोधयादीत वरच दिसतात. स्टेशनसमोरही तिकीट आणि सहलीची दुकानं आहेत. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही, त्यामुळे जास्त पैसे देऊन हातात फारसं काही पडत नाही.

## ४. आदल्या रात्री

बॅग छोटी हवी, हा पहिला नियम. मोठी सुटकेस आत घेत नाहीत, त्यामुळे ‘संध्याकाळी तिथूनच लियोंची गाडी पकडू’ हा बेत सोडा. पाठीवरची सॅक महालात हातात किंवा पोटाशी धरावी लागते किंवा सामानघरात ठेवावी लागते. सामानघर मोफत आहे, पण त्यात एक अडचण आहे, ती शेवटच्या टप्प्यात येईल.

बॅगेत एवढं असू द्या:

- मूळ पासपोर्ट, व्हिसा पावती, विद्यार्थी ओळखपत्र
- तिकिटांच्या पीडीएफ, फोनमध्ये आणि एका मित्राच्या फोनमध्येही
- तारेचे इअरफोन किंवा चार्ज केलेले बड्स, पॉवरबँक
- पाण्याची बाटली, टोपी किंवा पावसाळी जॅकेट
- डबा

शाकाहारी असाल तर डबा हवाच. महालाच्या आवारातली खाण्याची ठिकाणं महाग आहेत आणि बिनमांसाचं बहुतेक वेळा चीज, बटाटा किंवा सॅलडवर थांबतं. धपाटे, थालीपीठ, चपातीत गुंडाळलेली बटाट्याची सुकी भाजी, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी हे दिवसभर टिकतं आणि सांडत नाही. आमटी-भात नेऊ नका. खायला बसायची जागा गवतावर आहे, आणि तपासणीत बॅग उघडून दाखवावी लागते.

बूट जुने, सवयीचे घाला. स्टेशन ते महाल, आतली दालनं, बाग, त्रियानों, राणीचं खेडं आणि परत स्टेशन हे धरून दिवसाचं चालणं सहज दहा किलोमीटरच्या वर जातं. महालासमोरचं अंगण ओबडधोबड दगडी फरशीचं आणि बागेतल्या वाटा खडीच्या. फोटोसाठी कोल्हापुरी किंवा टाचेच्या चपला घालायच्याच असतील तर त्या बॅगेत न्या.

महालाचं अधिकृत ॲप घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. त्यात नकाशा आणि श्राव्य माहिती आहे. तिथे पोचून उतरवायला बसलात की वीस मिनिटं गेली.

ट्रायपॉड, सेल्फी स्टिक आणि फ्लॅश आत चालत नाहीत, ते घरीच ठेवा.

## ५. पॅरिसहून गाडी

व्हर्साय गावात तीन मुख्य स्टेशनं आहेत, आणि तिन्हींच्या नावात व्हर्साय आहे. गोंधळ इथूनच सुरू होतो.

| स्टेशन | कोणती गाडी | महालापर्यंत पायी |
|---|---|---|
| व्हर्साय शातो रिव्ह गोश | आरईआर सी (पॅरिसची उपनगरी रेल्वे) | साधारण १० मिनिटं |
| व्हर्साय रिव्ह द्रुआत | साँ-लाझारहून लाइन एल | १५ ते २० मिनिटं |
| व्हर्साय शाँतिए | मोंपार्नासहून लाइन एन | साधारण २० मिनिटं |

जाताना आरईआर सी सोयीची. साँ-मिशेल, म्युझे दोर्से, अँव्हालिद किंवा आयफेलजवळच्या शाँ द मार्स स्टेशनवरून ती मिळते. साँ-मिशेलहून पाऊण तासाच्या आत पोचता.

पण आरईआर सी ला खूप फाटे आहेत. फलाटावरच्या फलकावर ‘व्हर्साय’ दिसलं म्हणून चढू नका, शेवटच्या स्टेशनचं पूर्ण नाव वाचा. प्रत्येक गाडीला चार अक्षरी सांकेतिक नाव असतं आणि त्याचं पहिलं अक्षर शेवटचं स्टेशन सांगतं. इंग्रजी ‘व्ही’ने सुरू होणारी गाडी रिव्ह गोशला जाते. फलकावरच्या यादीत तुमचं स्टेशन आहे याची खात्री करूनच चढा.

चुकून दुसरी धरली तर काय होतं? साँ-काँतां-आँ-इव्हलिनला जाणाऱ्या गाडीत बसलात तर फार बिघडत नाही, ती व्हर्साय शाँतिएला थांबते, तिथे उतरून वीस मिनिटं चाला. पण दक्षिणेकडे मासीला जाणाऱ्या गाडीत बसलात तर ती व्हर्सायला जातच नाही, आणि ९ चा स्लॉट हातचा जातो. मग लगेच उतरून उलट गाडी धरणंच बरं.

तिकीट. १ जानेवारी २०२५ पासून पॅरिस परिसरात मेट्रो, आरईआर आणि लोकल गाड्यांना एकच दर आहे, विमानतळ सोडून. एकेरी तिकीट अडीच युरोच्या आसपास. त्याआधी व्हर्सायसाठी वेगळं, महाग तिकीट लागायचं. जुन्या लेखांत आणि सीनियर मुलांच्या व्हॉट्सॲप संदेशांत अजून तेच फिरतं, त्यावर जाऊ नका. इमाजिन-आर (विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास) किंवा सर्व झोनचा नाव्हिगो पास असेल तर वेगळं काही काढायचं नाही.

नाव्हिगो इझी कार्ड (ज्यावर सुटी तिकिटं भरतात) वापरत असाल तर दोन गोष्टी: एका कार्डावर दोघांना एकत्र प्रवास करता येत नाही, प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. आणि परतीचं तिकीटही सकाळीच भरून ठेवा. संध्याकाळी व्हर्सायच्या यंत्रांसमोर लांब रांगा असतात.

उन्हाळ्यात, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, पॅरिसच्या मध्यभागातली आरईआर सी कामासाठी बंद ठेवतात. अनेक वर्षं हे चालू आहे. त्या काळात साँ-लाझारहून एल किंवा मोंपार्नासहून एन धरा. इल-द-फ्रांस मोबिलिते या पॅरिस परिसराच्या वाहतूक संस्थेच्या ॲपमध्ये आदल्या रात्री मार्ग टाकून बघा आणि सकाळी निघताना परत एकदा.

तपासा: ९ च्या स्लॉटसाठी स्टेशनवर उतरायची वेळ ८:३० च्या आत. त्याप्रमाणे मागे मोजून घरून निघा.

सावधान: पर्यटकांनी भरलेल्या या गाडीत पाकीटमार असतात, आणि दारं बंद होतानाच फोन ओढला जातो. दाराशी उभं राहून फोन हाताळू नका. तिकीट यंत्रापाशी ‘मदत’ करायला येणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

## ६. स्टेशन ते दार

रिव्ह गोशच्या बाहेर आलात की उजवीकडे वळा, पुढे अव्हेन्यू द पारीला डावीकडे वळा. समोर सोनेरी जाळीचं फाटक आणि महाल दिसेल. गर्दीच्या मागे गेलं तरी पोचता, पण रस्त्यातल्या दुकानांत थांबू नका. परतताना तीच दुकानं उघडी असतात.

समोरच्या अंगणातून वर चढत गेलात की महालाकडे तोंड करून डावीकडे प्रवेश ए आहे, एकट्या-दुकट्या तिकीटधारकांसाठी. उजवीकडे बी, गटांसाठी. कुठल्या रांगेत उभे आहात ते रांगेच्या टोकाच्या पाटीवर बघून मगच उभे राहा. दोन्हीकडची रांग सारखीच दिसते आणि वीस मिनिटांनी कर्मचाऱ्याने ‘तिकडे’ म्हणणं फार जिवावर येतं. स्लॉट असला तरी तपासणीला वेळ लागतो, म्हणून वीस मिनिटं आधी उभे राहा. कागद हातात, बॅगेची चेन उघडी. कर्मचाऱ्याशी पहिला शब्द ‘बाँझूर’ हवा, मग तिकीट. ही इथली रीत आहे आणि ती पाळली की माणसं मोकळेपणाने मदत करतात.

## ७. महालाच्या आत: दीड ते दोन तास

आत आल्यावर स्वच्छतागृह गाठा, पुढे लवकर मिळत नाही. मग श्राव्य मार्गदर्शक घ्या किंवा स्वतःचं ॲप लावा.

सुरुवातीला खालच्या मजल्यावर महालाच्या बांधकामाचा इतिहास सांगणारी दालनं लागतात. तिथे मॉडेलं आणि चित्रफिती चांगल्या आहेत, पण ९ ला आत शिरलेल्याने तिथे अर्धा तास घालवू नये. ते दालन ओलांडून सरळ वर जा. तुमच्या मागून येणाऱ्या बसगाड्यांच्या आधी तुम्हाला आरसेमहाल गाठायचा आहे.

वर हर्क्युलिस दालनापासून राजाची दालनं एकामागून एक लागतात: व्हीनस, डायना, मार्स, मर्क्युरी, अपोलो. वर बघत चाला, खरं काम छतांवर आहे. लोक दाराच्या चौकटीत थांबून फोटो काढतात आणि तिथेच कोंडी होते. चौकट ओलांडा, दोन पावलं आत भिंतीच्या बाजूला सरका, मग थांबा.

मग आरसेमहाल. ७३ मीटर लांब, १७ खिडक्या आणि त्यांच्यासमोर १७ कमानी, त्यांत मिळून ३५७ आरसे. २८ जून १९१९ चा व्हर्सायचा तह इथेच झाला. खिडक्या पश्चिमेला, बागेच्या बाजूला आहेत. सकाळी उजेड मऊ आणि सारखा असतो, दुपारनंतर ऊन थेट आत येतं आणि आरशांवर डोळे दिपतात. फोटोसाठी आत शिरल्यावर लगेच कोपऱ्यात थांबा आणि पूर्ण लांबी पकडा. मधोमध उभं राहून कधीच रिकामं दालन मिळत नाही. जरा वेळ काढून एका आरशाजवळ जा. त्या काळी एवढे मोठे एकसंध आरसे बनत नव्हते, त्यामुळे प्रत्येक कमान लहान-लहान तुकड्यांची आहे, आणि त्यांच्या सांध्यांवर बागेचं प्रतिबिंब किंचित सरकलेलं दिसतं.

पुढे राणीची दालनं आणि शेवटी युद्धचित्रांची गॅलरी, १२० मीटर लांब. इथे पोचेपर्यंत लोक थकलेले असतात आणि झरझर निघून जातात, म्हणून इथेच गर्दी कमी असते. बाकांवर बसा, पाय मोकळे करा.

सावधान: बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर महालात परत येता येईल असं धरून चालू नका. काही राहिलं असेल तर आतच मागे वळा.

राजाची खाजगी दालनं या फेरीत नाहीत. ती फक्त मार्गदर्शकासोबत, वेगळ्या नोंदणीने दाखवतात. पहिल्या भेटीत ती सोडली तरी चालेल.

## ८. बाग आणि डबा

महालातून साडेअकराच्या सुमारास बाहेर आलात की बाग. गच्चीवरून खाली पायऱ्या, लातोनाचं कारंजं, हिरवळीचा लांब पट्टा, अपोलोचं कारंजं आणि पुढे मोठा कालवा असा सरळ अक्ष आहे. हा कालवा १,६७० मीटर लांब आहे. वरून जवळ वाटतो, चालायला लागलं की कळतं. मधल्या पट्ट्यात सावली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाजूच्या झाडीतल्या वाटांनी उतरा, तिथेच लपलेली छोटी कारंजी आणि कुंजही बघायला मिळतात.

कारंजी दिवसभर उडत नाहीत. कारंज्यांच्या दिवशीही ठरावीक तासच चालतात, दाराशी त्यांचं वेळापत्रक मिळतं. नेपच्यूनचं मोठं कारंजं संध्याकाळी, कार्यक्रमाच्या शेवटी उडतं. ते बघायचं असेल तर पुढचं सगळं त्या वेळेभोवती लावा.

डबा बागेत खायला परवानगी नाही. छाटलेल्या कुंपणाआड बसलात तरी उठवतात. अपोलो कारंज्याच्या पलीकडे, कालव्याच्या बाजूची मोकळी हिरवळ हा उद्यानाचा भाग, तिथे गवतावर बसून खाता येतं. कारंज्यांच्या दिवशी बाग आणि उद्यान यांच्यामधल्या फाटकावर तिकीट तपासतात, म्हणून परत बागेत यायचं असेल तर तिकीट सांभाळा.

डबा नेला नसेल तर गावात मार्शे नोत्र-दाम आहे. मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी उघड्यावर बाजार भरतो. ब्रेड, चीज, फळं घ्यायला उत्तम. पण ९ च्या स्लॉटआधी तो जमवायचा प्रयत्न नको. उलटा दिवस करणाऱ्यांनी रिव्ह द्रुआतला उतरावं, बाजार वाटेवरच पडतो.

बागेचं तिकीट काढायचं नसेल तर: कारंज्यांच्या दिवशीही त्रियानोंला जायला बागेतूनच जावं लागत नाही. महालाच्या बाहेर येऊन गावातल्या बुलव्हार द ला रेनने पश्चिमेकडे सरळ चालत गेलात की उद्यानाचं फाटक लागतं. उद्यानात पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत. पुढे झाडांच्या रांगांमधून त्रियानों, सगळं मिळून अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्त.

## ९. त्रियानों आणि राणीचं खेडं

दुपारी एक-दीडला इकडे वळा. महालापासून पायी पंचवीस ते तीस मिनिटं. आई-बाबा सोबत असतील किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर महालाच्या उत्तरेकडच्या गच्चीपासून छोटी पर्यटक गाडी सुटते. तिचं तिकीट वेगळं आहे. भाड्याच्या सायकली कालव्यापाशी मिळतात, पण त्या बागेत नेता येत नाहीत.

क्रम असा ठेवा: आधी ग्राँ त्रियानों, गुलाबी संगमरवरी खांबांचा, मग पेती त्रियानों, तिथून दहा-पंधरा मिनिटं आत मारी आंत्वानेत या राणीचं खेडं. तळं, गवती छपरांची घरं, भाजीचे वाफे, कोंबड्या-बकऱ्या. बहुतेक लोक पेती त्रियानोंवरूनच परत फिरतात, म्हणून इथे दुपारीही शांत असतं. घरांच्या आत जाता येत नाही, राणीचं घर मार्गदर्शकासोबत वेगळ्या नोंदणीने दाखवतात. या सगळ्याला दोन तास द्या.

तपासा: हिवाळ्यात पाचनंतर अंधारतं आणि इथे दिवे नाहीत. साडेचारला निघायला लागा.

## १०. परत

सामानघरात काही ठेवलं असेल तर इथून परत महालापर्यंत तीस-चाळीस मिनिटं चालत जावं लागतं, आणि महाल बंद व्हायच्या आत पोचावं लागतं. टप्पा ४ मध्ये छोट्या बॅगेचा आग्रह याचसाठी होता.

काही ठेवलेलं नसेल तर बागेतून मागे जाऊच नका. पेती त्रियानोंहून बुलव्हार द ला रेनने गावाकडे चाला, अर्ध्या तासात रिव्ह द्रुआत स्टेशन येतं. इथून लाइन एल ही गाडी ‘ला देफाँस’मार्गे साँ-लाझारला जाते. तिकीट तेच, दर तोच, पण साडेपाचनंतर रिव्ह गोशच्या फलाटावर जी झुंबड असते ती इथे नाही.

नेपच्यूनचं कारंजं बघून थेट महालासमोरून निघत असाल तर रिव्ह गोशच बरं. ते शेवटचं स्टेशन असल्याने तिथली प्रत्येक गाडी पॅरिसच्याच दिशेने जाते, दिशा चुकायची भीती नाही. फक्त तुमच्या स्टेशनवर ती थांबते का ते फलकावर बघा, आणि तिकीट किंवा कार्ड बाहेर पडेपर्यंत हाताशी ठेवा. या मार्गावर तपासनीस असतात, आणि ‘मी विद्यार्थी आहे, नवीन आहे’ हे ऐकून दंड माफ होत नाही.